गतवैभव कोणाचे?

कळमेश्वरच्या औद्योगिक वसाहतीतील पहिली पाळी सुटली की फाटकाबाहेरच्या चहाच्या टपऱ्यांवर तरुण कामगारांची गर्दी होते. यांतील बरेचसे ठेकेदाराकडचे. आज कामावर आहेत, उद्या असतील की नाही हे मुकादम ठरवणार. एखाद्याच्या अंगात लाल जर्सी असते, पाठीवर परदेशी खेळाडूचे नाव असते. आणि वाद रंगतो तो दूरच्या एका इंग्रजी क्लबाविषयी. मँचेस्टर युनायटेड पुन्हा उभा राहील काय? "प्रशिक्षक बदलला की झाले," असे एक म्हणतो. "प्रशिक्षक काय कमी बदलले का रे? खोट मालकात आहे," असे दुसरा उत्तर देतो. चहा संपेपर्यंत सर्वांचे एका वाक्यावर एकमत होते: "एक चांगला मालक भेटला पाहिजे, बस!"

या वाक्याकडे पाहून हसणारे दोन प्रकारचे लोक आहेत. एक, ज्यांना या पोरांनी फुटबॉलवर बोलावे हेच हास्यास्पद वाटते. दुसरे, आपल्याच चळवळीतील काही गंभीर कार्यकर्ते, ज्यांच्या मते खेळ ही जनतेला दिलेली अफू आहे आणि म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष करणे हेच क्रांतिकार्य होय. पहिल्यांशी वाद घालण्याचे कारण नाही. दुसऱ्यांशी मात्र घातला पाहिजे. कारण "एक चांगला मालक भेटला पाहिजे" हे वाक्य केवळ फुटबॉलविषयीचे नाही. जो तरुण आपल्या क्लबासाठी चांगला मालक मागतो, तोच कारखान्यात चांगला ठेकेदार मागतो आणि निवडणुकीत चांगला दाता शोधतो. मालकी हा प्रश्नच त्याच्या मनातून पुसला गेला आहे. तो पुसला कसा गेला, हे समजून घ्यायचे असेल तर ज्या टपरीवर तो बोलतो त्या टपरीवर जाऊन बसले पाहिजे.

ज्या क्लबासाठी कळमेश्वरचा ठेका-कामगार हळहळतो, तो क्लब मुळात कामगारांचाच होता. लँकेशायर आणि यॉर्कशायर रेल्वेच्या डबे-वाघिणींच्या कारखान्यातील कामगारांनी १८७८ साली न्यूटन हीथ येथे तो काढला. १९०२ साली तो दिवाळखोरीच्या दारात उभा असताना दारूच्या कारखानदाराने त्याला हात दिला आणि त्याचे आजचे नाव रूढ झाले. पुढे शंभर वर्षांनी, २००५ साली, अमेरिकेतील ग्लेझर कुटुंबाने तो सुमारे ७९ कोटी पौंडांना विकत घेतला. या खरेदीतील बराच मोठा भाग कर्जाऊ होता आणि त्या कर्जाचा भार खरेदीदारांनी क्लबाच्याच माथ्यावर ठेवला. म्हणजे ज्याला विकत घेतले त्याच्याच कमाईतून त्याची किंमत वळती करून घेण्याची ही युक्ती. आपल्याकडील वेठबिगार याहून वेगळा हिशेब काय ओळखत होता? २०१३ साली या क्लबाने विसावे आणि अखेरचे लीग विजेतेपद मिळवले. २०२४-२५ च्या हंगामात तो वीस संघांत पंधरावा आला. मधल्या काळात नवा भागीदार आला आणि "पुनरुज्जीवन" सुरू झाले. या पुनरुज्जीवनाचे पहिले बळी कोण? कार्यालयात, मैदानावर, स्वयंपाकघरात काम करणारी सामान्य माणसे. २०२४ मध्ये सुमारे २५० जणांच्या नोकऱ्या गेल्या, २०२५ च्या आरंभी आणखी दीड-दोनशे जणांना घरी पाठवण्याचे जाहीर झाले, आणि उरलेल्यांचे मोफत दुपारचे जेवणही बंद करण्यात आले. खेळाडूंच्या खरेदीत कोट्यवधी पौंड बुडवणाऱ्यांनी काटकसर केली ती नोकरांच्या ताटात. चांगला मालक भेटला की काय होते, याचे हे उत्तर आहे.

पण परक्या देशाचे उदाहरण दिले की ते परक्यांचे म्हणून सोडून देता येते. म्हणून घराजवळचे पाहू.

गोव्याच्या डेम्पो स्पोर्ट्स क्लबाइतका मोठा आणि इतका वेगाने खाली आलेला दुसरा क्लब अलीकडच्या भारतीय फुटबॉलमध्ये सापडणे कठीण. २००४-०५, २००६-०७, २००७-०८, २००९-१० आणि २०११-१२ अशी राष्ट्रीय स्तरावरची पाच विजेतेपदे त्याने मिळवली. पाचही वेळा प्रशिक्षक होते आर्मांदो कुलासो. २००८ साली हा संघ आशियाई महासंघाच्या चषकात उपांत्य फेरीपर्यंत पोहोचला. २०१४-१५ मध्ये तो पदच्युत होऊन दुसऱ्या श्रेणीत गेला. पुढच्याच वर्षी दुसरी श्रेणी जिंकून त्याने परतीचा हक्क कमावला. आणि २०१६ साली साळगांवकर व स्पोर्टिंग क्लुब द गोवा यांच्यासह तो राष्ट्रीय स्पर्धेतून बाहेर पडला. मैदानावर जिंकलेली जागा मैदानाबाहेरच्या निर्णयाने सोडून देण्यात आली. आय-लीगमध्ये तो पुन्हा दिसला तो २०२४-२५ च्या हंगामात, आणि ती लीग तोवर देशातील दुय्यम स्पर्धा झाली होती. तेव्हापासून पणजी-मडगावच्या कट्ट्यांवरही कळमेश्वरचाच प्रश्न विचारला जातो: डेम्पोचे जुने दिवस परत येतील काय?

या प्रश्नाचे उत्तर भावनेने देण्याऐवजी हिशेबाने द्यावे. डेम्पो आणि साळगांवकर या दोन्ही क्लबांमागे खाणउद्योगातील घराणी होती. गोव्याच्या डोंगरांतील लोहखनिज हा त्यांच्या संपत्तीचा पाया. चीनची मागणी वाढली तशी निर्यात फुगत गेली आणि २०१०-११ साली गोव्याच्या बंदरांतून पाच कोटी टनांहून अधिक खनिज बाहेर गेले. बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाने सार्वजनिक नुकसानीचा अंदाज सुमारे ३५ हजार कोटी रुपये असा केला. २०१२ च्या शरद ऋतूत खाणी थांबल्या. २०१४ साली अटी घालून काही काळ चालू झाल्या, आणि २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने ८८ पट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केल्यावर पुन्हा थांबल्या. डेम्पो घराण्याने आपला खाणव्यवसाय त्याआधीच, २००९ साली, १७५० कोटी रुपयांना विकला होता. तेव्हा खाणी बंद पडल्या म्हणून डेम्पो पडला, असे सोपे समीकरण मांडणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. सांगायचे आहे ते इतकेच, की ज्या वैभवाच्या आठवणीने आज डोळे ओलावतात, ते वैभव जनतेच्या डोंगरांतून काढलेल्या अतिरिक्त मूल्याच्या एका लहानशा हिश्शावर उभे होते. डोंगर सर्वांचा होता, माती-धूळ खाण-पट्ट्यातील शेतकऱ्याच्या वाट्याला आली, टाळ्या प्रेक्षकाने वाजवल्या. पण संघ ठेवायचा की काढून घ्यायचा हे ठरवण्याचा अधिकार मात्र एकट्या मालकाच्या हाती राहिला.

२०१६ च्या माघारीचे जे कारण क्लबांनी दिले, ते खोटे नव्हते. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने २०१० च्या डिसेंबरात आयएमजी-रिलायन्सशी १५ वर्षांचा, ७०० कोटी रुपयांचा करार केला होता. देशातील फुटबॉलचे व्यापारी हक्क या कराराने एका खाजगी समूहाच्या झोळीत टाकले. त्यातून २०१४ साली इंडियन सुपर लीग निघाली. आणि वर्षानुवर्षे खेळून, चढून, पडून जागा मिळवणाऱ्या जुन्या क्लबांना दुय्यम ठरवण्याची योजना २०१६ साली पुढे आली. नव्या लीगमध्ये जागा मिळवायची ती गुणांनी नव्हे, शुल्क भरून. पाटावर बसण्याचा मान दक्षिणा देणाऱ्यास, असा हा न्याय. गोव्याच्या क्लबांनी याचा निषेध केला हे योग्यच. परंतु याच नव्या लीगमधील एफसी गोवा या संघाच्या पहिल्या मालकांत डेम्पो आणि साळगांवकर ही दोन्ही घराणी होतीच, हे विसरता येत नाही. भांडवल दोन्ही डगरींवर पाय ठेवू शकते. प्रेक्षकाला एकच डगर असते आणि ती खचली की तो पाण्यात जातो.

महाराष्ट्राची कथा याहून करुण आहे, कारण इथे परत येण्याची चर्चा करायलाही कोणी उरलेले नाही. मुंबईच्या कूपरेजवर १८९१ पासून चालत आलेली रोव्हर्स चषक स्पर्धा २०००-०१ नंतर भरली नाही. याच स्पर्धेत १९३७ साली बंगलोर मुस्लिम्स या संघाने गोऱ्या पलटणींची मक्तेदारी मोडून पहिल्यांदा भारतीय नाव चषकावर कोरले. १९५० ते १९५४ सलग पाच वर्षे हैदराबादच्या पोलीस संघाने ती जिंकली. टाटा, मफतलाल, ओर्के मिल, रेल्वे, एअर इंडिया असे संघ या शहरात होते. १९६२ साली स्थापन झालेला महिंद्राचा संघ २००५-०६ मध्ये राष्ट्रीय विजेता झाला आणि २०१० साली कंपनीने तो बंद केला. पुढच्या वर्षी पंजाबातील फगवाड्याचा जेसीटी हा पहिल्या राष्ट्रीय लीगचा विजेता संघ बंद झाला. त्यानंतर पुणे एफसी गेला, भारत एफसी एकाच हंगामात आटोपला, मुंबई एफसी आणि डीएसके शिवाजीयन्स २०१७ च्या सुमारास गेले, एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये गेला. दहा वर्षांत इतके संघ गेले आणि यांपैकी एकाही संघाच्या मृत्यूचा ठराव प्रेक्षकांच्या सभेत झाला नाही. सगळे निर्णय संचालक मंडळांच्या बंद दारांआड झाले. नागपूरकरांना हे नवे वाटू नये. एम्प्रेस मिल पुन्हा धडधडेल काय, याची चर्चा इथल्या चाळींतून अशीच वर्षानुवर्षे चालली होती. १८७७ साली सुरू झालेली ती गिरणी २००२ साली कायमची बंद झाली, आणि आज तिच्या जागेवर मॉल उभा आहे. ज्यांची मालकी नसते त्यांच्या वाट्याला केवळ वाट पाहणे येते.

यावर व्यवहारवादी मंडळींचा एक ठरलेला आक्षेप असतो. पैशाविना खेळ चालत नाही. मोठे भांडवल आले नाही तर वैभव येणार कुठून? आक्षेप ऐकण्याजोगा आहे, पण इतिहास त्याच्या बाजूने साक्ष देत नाही. भारतीय फुटबॉलचा सुवर्णकाळ कोणता? १९५१ आणि १९६२ च्या आशियाई खेळांतील सुवर्णपदके आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमधील चौथा क्रमांक. तो काळ पोलीस, रेल्वे आणि गिरण्यांच्या संघांचा आणि कलकत्त्याच्या सभासद-क्लबांचा होता. खेळाडूला नोकरी होती, पाय मोडला तरी चूल पेटत राहील याची हमी होती. अब्जावधींची लीग आल्यानंतर देशाने यातले काय पुन्हा मिळवले? उलट २०२५ च्या जुलैमध्ये कराराच्या नूतनीकरणाचा पेच पडताच ही लीग अनिश्चित काळासाठी स्थगित झाली. एका करारावर संपूर्ण देशाचा खेळ टांगून ठेवला की करार संपताच खेळ जमिनीवर आपटतो. आणि डिसेंबरात तो करार संपलाच. शेकडो खेळाडू, मैदानावरचे माळी आणि साहाय्यक यांचे पोट त्या टांगलेल्या दोरीला बांधलेले होते.

जुन्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचाही हेतू नाही. सरकारी व सार्वजनिक उपक्रमांचे संघ साहेबांच्या मर्जीवर चालत. साहेब बदलला, संघाचे महत्त्व संपले. सभासद-क्लबांचेही तेच. मोहन बागान हे १९११ साली अनवाणी पायांनी इंग्रज पलटणीला हरवणारे नाव. पण तिथेही मूठभर पदाधिकाऱ्यांनी कारभार केला आणि २०२० साली फुटबॉल विभागाची ८० टक्के मालकी एका उद्योगसमूहाकडे गेली. तरी एक फरक ध्यानात घ्यावा. त्या क्लबाचे समर्थक रस्त्यावर उतरले, नव्या मालकाने लावलेला उपसर्ग काढा म्हणून त्यांनी सतत आंदोलन केले आणि २०२३ साली तो काढायला लावला. ज्या क्लबाच्या मागे सभासदांची परंपरा असते, तिथे निदान लढण्याची सवय उरते. मँचेस्टरमध्येही २००५ च्या विक्रीचा निषेध म्हणून समर्थकांनी स्वतःचा वेगळा क्लब काढला, एक सभासद एक मत या तत्त्वावर. तो खालच्या श्रेणीत खेळतो, पण त्याला कोणी विकू शकत नाही. जर्मनीत क्लबाच्या मतांपैकी निम्म्याहून अधिक मते सभासदांकडेच राहावीत असा नियम आहे. त्याला काही अपवाद आहेत, पळवाटाही शोधल्या जातात, तरी तिथल्या मैदानांत आजही उभे राहून सामना पाहणाऱ्या सामान्य माणसाला जागा आहे. भांडवलशाही देशात हे शक्य असेल, तर संविधानाच्या प्रास्ताविकेत समाजवादी शब्द असलेल्या देशात ते अशक्य का मानावे?

आणि आपल्याकडेही बीजे आहेत. कोल्हापुरात पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल या तालमी पेठांच्या आहेत. शाहू स्टेडियमवर लोटणारी गर्दी कुठल्या दूरचित्रवाणी वाहिनीने निर्माण केलेली नाही. तिथेही हुल्लडबाजी आहे, पुढाऱ्यांच्या वर्गण्या आणि त्या मागून येणारा हक्क आहे. हे दोष झाकण्याचे कारण नाही. पण तालीम हरली तर ती बंद होत नाही, कारण पेठ बंद होत नाही. नागपूर जिल्ह्यातच कामठीकडे पाहावे. छावणीच्या या गावाने, विणकर आणि विडी-कामगारांच्या वस्त्यांनी, पिढ्यान्‌पिढ्या फुटबॉल जपला. रब्बानी क्लबाचे नाव जिल्ह्यात आदराने घेतले जाते ते कोणा उद्योगपतीमुळे नव्हे. कळमेश्वरहून कामठी काही तासांच्या नव्हे, तासाभराच्या अंतरावर आहे. तरीही टपरीवरच्या तरुणाला मँचेस्टरच्या राखीव खेळाडूंची नावे पाठ आहेत आणि कामठीच्या एकाही खेळाडूचे नाव ठाऊक नाही. हा त्याचा दोष नव्हे. त्याच्या हातातील पडद्यावर काय दिसावे, हे दुसरेच कोणी ठरवते.

मग कार्यकर्त्यांनी काय करावे? त्या तरुणाला जर्सी काढायला सांगू नये. साने गुरुजींच्या प्रेरणेने वाढलेल्या राष्ट्र सेवा दलाच्या शाखा संध्याकाळी मैदानावर भरत आणि खेळातून सुरू होत, हे ज्यांना आठवते ते खेळाला अफू म्हणणार नाहीत. त्या तरुणाच्या प्रश्नाला दुसरा प्रश्न जोडावा: तू स्वतः शेवटचा कधी खेळलास? उत्तर बहुधा शाळेतल्या वर्षाचे येईल. इथे मुद्दा मुळाशी जातो. २०२५ च्या सप्टेंबरात राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतील कामाची दैनिक मर्यादा ९ वरून १२ तासांवर नेण्यास मंजुरी दिली. बारा तास यंत्रापाशी उभा राहिलेला माणूस खेळत नाही, तो पाहतो. पाहणे हेच त्याला परवडते. खेळाडूचा प्रेक्षक होतो, प्रेक्षकाचा गिऱ्हाईक होतो, आणि गिऱ्हाइकाला चांगल्या मालकाची आशा बाळगण्यापलीकडे काही सुचत नाही. आठ तासांच्या कामाची लढाई ही फुटबॉलचीही लढाई आहे, हे त्या टपरीवर सांगता आले पाहिजे.

त्याचबरोबर मागण्या स्पष्ट असाव्यात. औद्योगिक वसाहतीच्या आराखड्यात कारखान्यांना भूखंड मिळतात, तसे कामगारांच्या वापराचे मैदान हक्काने असावे आणि ते ठेका-कामगारालाही खुले असावे. सार्वजनिक पैशातून उभारलेल्या मैदानावर खेळणाऱ्या प्रत्येक व्यावसायिक संघात नोंदणीकृत समर्थकांना मताधिकाराचा वाटा असावा, आणि संघ विकणे, हलवणे वा बंद करणे त्यांच्या संमतीविना होऊ नये. २०२५ साली संसदेने क्रीडा प्रशासनाचा कायदा केला. त्याचा रोख महासंघांच्या कारभारावर आहे, क्लबाच्या मालकीचा प्रश्न त्याने हाती घेतलेला नाही. तो हाती घ्यायला लावणे हे संसदेतील आणि रस्त्यावरील डाव्यांचे काम आहे. आणि कायद्याची वाट न पाहता तालुक्या-तालुक्यात, कामगार संघटनांच्या आश्रयाने, चार आणे वर्गणीच्या जुन्या पद्धतीने सभासदांचे संघ काढता येतील. ते हरतील. पुष्कळदा हरतील. पण त्यांच्या पराभवाची कारणे शोधायला कोणा परदेशी मालकाच्या मनात डोकवावे लागणार नाही.

डेम्पो पुन्हा विजेता होईल, कदाचित. मँचेस्टरही होईल, पैशाच्या खेळात चाक फिरते तसे वर-खाली होतच असते. पण जे मुळात आपले नव्हते ते परत मिळत नाही. ते फार तर पुन्हा पाहायला मिळते. कळमेश्वरच्या टपरीवर ज्या दिवशी "चांगला मालक कधी भेटेल" याऐवजी "मालक कशाला हवा" असा प्रश्न निघेल, त्या दिवशी वैभवाची चर्चा खऱ्या अर्थाने सुरू होईल. तो प्रश्न आपोआप निघणार नाही. तो विचारायला कोणीतरी पाळी सुटण्याच्या वेळी तिथे हजर असले पाहिजे.